पट्ट्या जोडून केलेल्या लाकडी चषकाचे जोड उन्हाळ्यात बोटाला का लागतात?

बोरीकाठ, अमळनेर

सर्व जाणकारांना नमस्कार.

आमचे दुकान मूळचे पाळण्याचे खांब, झोपाळ्याच्या दांड्या आणि देव्हाऱ्याचे कळस कातण्याचे आहे. अलीकडे शाळांच्या आणि गणेश मंडळांच्या स्पर्धांसाठी लाकडी चषकांची मागणी येऊ लागली आहे, कारण सोनेरी मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या करंडकांचा लोकांना कंटाळा आला आहे. हे चषक केवळ शोभेचे असतात. त्यांत कोणी काही पिणार नाही. साग, शिसव आणि हेदू यांच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून चौरस ठोकळा करायचा आणि तो लेथवर घेऊन वर वाटी, मध्ये बारीक दांडी व खाली बैठक काढायची, अशी आमची पद्धत आहे. ठोकळा 75 मिलिमीटर चौरस आणि 200 मिलिमीटर लांब असतो, वाटीची भिंत 3 मिलिमीटर आणि दांडी 9 ते 10 मिलिमीटर जाडीची ठेवतो. चिकटवायला नेहमीचा पांढरा फेविकॉल वापरतो.

माझे तीन प्रश्न आहेत. श्रावणात चिकटवून दिवाळीच्या सुमारास कातलेला चषक हाताला काचेसारखा लागतो, परंतु वैशाखात तोच हातात घेतला तर प्रत्येक जोड बोटाला जाणवतो. जोड सुटलेला नसतो, फक्त रेघ लागते. याचे कारण काय आणि त्यावर उपाय काय? दुसरे असे की पट्ट्या सारख्याच जाडीच्या लावूनही वाटीवर मधल्या पट्ट्या अरुंद आणि कडेच्या पट्ट्या बऱ्याच रुंद दिसतात, आणि एकाच मापाच्या दोन चषकांवरही नक्षी सारखी येत नाही. तिसरे, परदेशी कारागिरांच्या चषकांच्या दांडीवर गोफ विणल्याप्रमाणे एकमेकांत गुंतलेली कडी दिसतात, ती नक्षी ठोकळ्यात नेमकी कशी बसवतात?

पॅटर्नवाले नाना, भुसावळ

बोरीकाठ भाऊ, माझी सारी नोकरी फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये झाली. साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने आम्ही तुकडे जोडूनच कातत असू आणि तिथे अर्ध्या मिलिमीटरचा फरकही चालत नसे, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

आधी जोडावरून नख आडवे फिरवून पाहावे. जोडाच्या रेषेवर बारीक चर लागत असेल तर तो दोष गोंदातल्या पाण्याचा आहे. आणि एका लाकडाची पातळी शेजारच्या लाकडापेक्षा पायरीसारखी उंच लागत असेल तर तो दोष हवेचा आहे. दोन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत आणि बहुतेक चषकांत दोन्ही दोष एकाच वेळी असतात.

पांढऱ्या गोंदात निम्म्याच्या आसपास पाणी असते. ते पाणी जोडालगतच्या लाकडात शिरते, त्यामुळे जोडाच्या दोन्ही बाजूंचे लाकूड किंचित फुगते. गोंद तासाभरात धरतो, दुसऱ्या दिवशी ठोकळा लेथवर चढवण्याइतका पक्काही होतो, परंतु आत शिरलेले पाणी इतक्या लवकर बाहेर पडत नाही. अशा फुगलेल्या अवस्थेत आपण पृष्ठभाग सपाट कातला की पुढे पाणी उडून गेल्यावर जोडाची रेषा खाली बसते. पट्ट्या जितक्या पातळ तितके लाकडाच्या मानाने गोंदाचे पाणी जास्त, म्हणून 3 मिलिमीटरच्या पट्ट्यांच्या कामात हा दोष ठळक दिसतो. ठोकळा चिकटवल्यावर किमान आठवडाभर सावलीत, सर्व बाजूंनी हवा लागेल असा ठेवावा. श्रावण-भाद्रपदात त्याहून जास्त. त्यानंतर तो ओबडधोबड गोल करून, वाटी अर्धवट पोखरून पुन्हा काही दिवस ठेवला आणि मगच शेवटचा हात दिला तर चर पडण्याचे कारण उरत नाही. घाईच्या ऑर्डरीत हे होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. परंतु मग ठोकळे आधीच करून ठेवण्याला पर्याय नाही.

आता हवेकडे वळू. आपल्या खानदेशात वैशाखातल्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की उघड्यावरच्या लाकडातला ओलावा पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरतो, आणि पावसाळ्यात सततच्या दमट हवेत तोच चौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत चढतो. आठ-नऊ टक्क्यांचा हा हेलकावा दरवर्षी ठरलेला आहे. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही; ते हलते ते आडव्या दिशेने, आणि तिथेही दोन दिशांत मोठा फरक असतो. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत साग त्रिज्येच्या दिशेने, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, सुमारे 2.5 टक्के आकसतो आणि वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेने 5.8 टक्के. आपल्या शिसवाचे आकडे 2.7 आणि 5.8 आहेत. हे आकडे शेजारी ठेवून पाहा: साग आणि शिसव ही दोन लाकडे हलण्याच्या बाबतीत जवळजवळ जुळी आहेत. म्हणजे पायरी पडते ती दोन जातींची लाकडे एकत्र आल्यामुळे नव्हे. एक पट्टी त्रिज्येच्या दिशेने चिरलेली आणि शेजारची वर्तुळांच्या कडेने चिरलेली असल्यामुळे पडते. 60 मिलिमीटर रुंदीची सागाची पट्टी आठ टक्क्यांच्या फरकाला एका दिशेने अर्धा मिलिमीटर आणि दुसऱ्या दिशेने जवळजवळ 0.9 मिलिमीटर हलते. वाटीच्या दोन्ही काठांवर मिळून पडणारा हा 0.4 मिलिमीटरचा फरक बोटाला कळल्यावाचून राहत नाही.

म्हणून पट्ट्या निवडताना रंगाआधी तिचे टोक पाहावे. टोकाला वर्तुळांच्या रेघा दिसतात. त्या रेघा पट्टीच्या रुंदीला आडव्या, म्हणजे चिकटवायच्या सपाट अंगाशी काटकोनात उभ्या दिसतील अशाच पट्ट्या घ्याव्यात आणि ठोकळ्यातील सर्व पट्ट्यांत हीच दिशा ठेवावी. तिरप्या रेघांची पट्टी कितीही सुंदर दिसली तरी बाजूला काढावी. तिचा बैठकीखाली वेगळा उपयोग करता येईल. हेदूचे लाकूड पिवळे, बारीक पोताचे आणि कातायला फार चांगले आहे, परंतु त्याची पट्टी पातळ ठेवावी म्हणजे दोन्हीकडची जाड लाकडे तिला धरून ठेवतात. आणि सर्व पट्ट्यांचे धागे चषकाच्या लांबीला समांतरच असले पाहिजेत. बैठकीला शोभा म्हणून आडव्या धाग्यांची चकती चिकटवण्याचा मोह अनेकांना होतो. दांडीचे लाकूड आडवे हलते, चकती एका दिशेने हलते आणि दुसऱ्या दिशेने हलत नाही. वर्षभरात चकती तडकते किंवा जोड सुटतो.

चिकटवण्याचा हंगामही पाहावा. मी श्रावणात चिकटवू नये असे म्हणेन आणि भर वैशाखातही चिकटवू नये असेच म्हणेन. कार्तिकापासून माघापर्यंत लाकडाचा ओलावा नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास, हेलकाव्याच्या मध्यावर असतो, त्यामुळे पुढे तो वर जावो की खाली, जोडावर येणारा ताण निम्माच राहतो. ओलावा मोजण्याचे मीटर आता फार महाग राहिलेले नाही. प्रत्येक पट्टीला लावून पाहावे आणि पट्ट्या-पट्ट्यांत एका टक्क्याहून जास्त फरक असेल तर बारीक काड्या मध्ये घालून त्यांची थप्पी दुकानातच काही आठवडे ठेवावी. वैशाखात दुकानात कूलर चालू असेल तर ती हवा वैशाखाची समजू नये. पाण्याच्या कूलरसमोरची थप्पी आणि माळ्यावरची थप्पी यांच्या ओलाव्यात मोठा फरक पडतो. गिऱ्हाईकालाही चषक कूलरच्या झोतासमोर किंवा खिडकीत उन्हाला ठेवू नये असे सांगावे.

जाता जाता आणखी एक. आपल्याकडे धाब्याची जुनी घरे पाडली जातात तेव्हा तुळया, खांब आणि कड्यांचा उत्तम साग मिळतो. चषकाच्या पट्ट्यांना त्याच्यासारखे लाकूड नाही, कारण त्याचा ताण केव्हाच निघून गेलेला असतो. मात्र जुना साग हवेला दाद देत नाही हा समज चुकीचा आहे. शंभर वर्षांचा खांबही पावसाळ्यात फुगतोच. शिवाय त्यात खिळे असतात. चिरण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून घ्यावे.

सातपुडा सुतार, तळोदा

नानांनी सांगितलेले पटले, परंतु गोंदाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. साग आणि शिसव ही दोन्ही तेलकट लाकडे आहेत. रंधा मारलेला पृष्ठभाग दोन दिवस तसाच पडला की अंगचे तेल वर येते आणि पांढरा गोंद नीट धरत नाही. रंधा मारल्यावर त्याच दिवशी, चिकटवण्याच्या क्षणभर आधी ॲसिटोनने पुसून एपॉक्सी लावावे. अराल्डाइटचे सावकाश वाळणारे मिश्रण घ्यावे. पाच मिनिटांचे घेऊ नये. एपॉक्सीत पाणीच नसल्यामुळे चराचा प्रश्न उरत नाही. पांढरा गोंद उष्णतेने मऊही पडतो. मे महिन्यात बंद गाडीच्या मागच्या काचेखाली चषक ठेवून कोणी जळगावहून नाशिकला गेले तर जोड सरकायला तेवढे पुरते. लेथवर पॉलिश पेपर जोराने दाबून धरला तरी तेच होते.

शिसवाच्या बाबतीत एक इशारा देतो. पॉलिश पेपर मारताना शिसवाची काळसर जांभळी भुकटी हेदूच्या किंवा काळ्या कुड्याच्या पांढऱ्या लाकडात जाऊन बसते आणि फिकट पट्टी मळकी दिसते. त्याहून वाईट म्हणजे स्पिरिटमधल्या लाखेचा पहिला हात दिला की शिसवाचा रंग सुटून शेजारी पसरतो. म्हणून स्क्यू (तिरप्या धारेची पटाशी) आणि स्पिंडल गाउज (पन्हाळीच्या आकाराची पटाशी) पाजळलेले ठेवून हत्यारानेच पृष्ठभाग जितका स्वच्छ करता येईल तितका करावा, म्हणजे 240 नंबरच्या आधीचे पेपर लागतच नाहीत. भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवावी, ओल्या फडक्याने पुसू नये. लाखेचा हात द्यायचाच असेल तर पहिले दोन हात अगदी पातळ, फिकट लाकडाकडून काळ्याकडे आणि फडके एकदाच फिरवून द्यावेत, किंवा सँडिंग सीलरचा फवारा मारून मग पुढे जावे. सागात रेतीसारखी सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. दर चषकाला एकदा तरी धार लावावी लागेल हे गृहीत धरावे.

पॉलिश आतून-बाहेरून सारखेच हवे. पुष्कळजण बाहेर चार हात देतात आणि वाटीत आतून एकच. लाकडाची टोके हवेतला ओलावा अंगापेक्षा दहा-पंधरा पट वेगाने घेतात आणि सोडतात, आणि वाटीचा काठ व आतला तळ ही दोन्ही टोकेच आहेत. तिथे जास्तीचे हात द्यावेत.

शिसव पावतीसह घ्यावे. बाजारात शिसव सांगून शिसम देतात. दोन्ही कातायला चांगली असली तरी रंग वेगळा आहे आणि शिसमात पांढरा भाग फार निघतो. वनविभागाच्या आगारातल्या लिलावाचा माल असेल तर वाहतूक पास मागून घ्यावा. चषक परदेशी पाठवण्याचा विचार असल्यास हेही माहीत असावे की शिसव आणि शिसम ज्या वंशात येतात तो दाल्बर्जिया वंश 2017 च्या जानेवारीपासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे. शिसवाची भुकटी अनेकांना बाधते, अंगावर पुरळ येते आणि दमही लागतो, तेव्हा तोंडाला मास्क हवाच.

पांझरा लेथ, धुळे

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भूमितीत आहे आणि ते एकदा समजले की नक्षी आपल्या ताब्यात येते.

वाटीची बाहेरची त्रिज्या 35 मिलिमीटर आहे आणि शिसवाची 3 मिलिमीटर जाडीची पट्टी बरोबर मध्यावर आहे असे समजा. वाटीचा पृष्ठभाग तिला काटकोनात छेदतो, म्हणून ती 3 मिलिमीटरच दिसते. तीच पट्टी अक्षापासून 20 ते 23 मिलिमीटरवर असेल तर 3.8 मिलिमीटर दिसते. आता ती 30 ते 33 मिलिमीटरवर आहे असे धरा. तिथे वाटीचा पृष्ठभाग पट्टीला जवळजवळ समांतर होत जातो आणि तीच पट्टी 7 मिलिमीटर रुंद दिसू लागते. कातताना त्रिज्या एका मिलिमीटरने कमी झाली, म्हणजे 34 झाली, की रुंदी 8.4 होते, आणि 33 झाली की पट्टी राहतच नाही, 28 मिलिमीटरचा सलग काळा डाग होतो. एकाच मापाच्या दोन चषकांवर नक्षी वेगळी येते ती यामुळेच: कडेच्या पट्टीला एका मिलिमीटरचाही फरक सहन होत नाही. रंगीत पट्ट्या त्रिज्येच्या दोन तृतीयांशाच्या आतच ठेवाव्यात आणि त्याबाहेर एकाच रंगाचे लाकूड जाऊ द्यावे.

वाटी खाली निमुळती होत जाते तशी प्रत्येक पट्टी कमानीच्या आकाराने मिटते. ज्या उंचीवर वाटीची त्रिज्या पट्टीच्या अंतराएवढी होते, तिथे कमानीचे टोक येते. कागदावर चषकाचे अर्धे चित्र पूर्ण मापात काढून त्यावर पट्ट्यांच्या उभ्या रेघा मारल्या तर प्रत्येक कमान कुठे मिटणार हे कातण्याआधीच दिसते. 10 मिलिमीटर जाडीच्या दांडीत अक्षापासून 5 मिलिमीटरच्या आतले लाकूडच शिल्लक राहते, म्हणून दांडीवर रेघ हवी असेल तर मधली पट्टी 2 ते 3 मिलिमीटरची असावी लागते. ठोकळा एकदा चिकटवून झाल्यावर मधोमध दुसऱ्या दिशेने उभा चिरून तिथेही तशीच पट्टी घातली तर दांडीवर चारही बाजूंनी रेघ येते आणि वाटीत कमानी एकमेकींना छेदतात. मला ही रचना सर्वांत देखणी वाटते.

मध्य काढताना ठोकळ्याचे कर्ण मारू नयेत. बाहेरच्या पट्ट्या रंध्यात कमी-जास्त झालेल्या असतात. मधल्या पट्टीचा मध्य मोजून तोच अक्ष धरावा, नाही तर एका बाजूची कमान उंच आणि दुसऱ्या बाजूची बुटकी होते. तसेच ठोकळ्याच्या बरोबर मध्यावर जोड येत असेल तर टेलस्टॉकचे, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराचे, टोकदार सेंटर पाचरीप्रमाणे तो जोड फाडते. तिथे गोल कडेने टेकणारे कप सेंटर वापरावे.

तिसऱ्या प्रश्नातली गोफाची गाठ दिसते त्याहून सोपी आहे, फक्त ठोकळा काटेकोर चौरस हवा. ठोकळा लांबीला 45 अंशांत तिरपा कापायचा, कापाच्या फटीत फटीएवढ्याच जाडीची पट्टी चिकटवायची, वाळल्यावर कडा साफ करून ठोकळा पाव फेरा फिरवायचा आणि अडणीला टेकवून त्याच जागी पुन्हा कापायचा. असे चारही बाजूंनी केले की चार तिरप्या पट्ट्या एकाच जागी एकमेकींना छेदतात आणि गोल कातल्यावर चार कडी एकमेकांत गुंतलेली दिसतात. काप आरपार करू नये, शेवटचे तीन-चार मिलिमीटर लाकूड शिल्लक ठेवावे म्हणजे दोन्ही भाग सरळ रेषेत राहतात. ते लाकूड कातताना निघून जाते. सगळी गोम पट्टीच्या जाडीत आहे. करवतीने जेवढी जाडी काढली तेवढीच परत भरली पाहिजे. पट्टी अर्ध्या मिलिमीटरने पातळ असेल तर आधी बसवलेल्या पट्टीचे दोन तुकडे तेवढ्यानेच एकमेकांपासून सरकतात आणि कडी जुळत नाही. म्हणून आधी टाकाऊ लाकडात काप घेऊन पाहावा आणि पट्टी हाताच्या दाबाने त्यात सरकेल इतकी घासावी. ठोकून बसवावी लागत असेल तर ती जाड आहे.

बोरीकाठ, अमळनेर

नाना, आपण सांगितल्याप्रमाणे दुकानातल्या पट्ट्यांची टोके पाहिली. सागाच्या बहुतेक पट्ट्यांत रेघा उभ्या आहेत, परंतु शिसवाच्या जवळजवळ सर्व पट्ट्यांत त्या सपाट अंगाला समांतर आहेत. या पट्ट्या वाया गेल्या का? आणि पांझरा लेथ यांना विचारायचे आहे की गोफाची गाठ 10 मिलिमीटरच्या दांडीवर टिकेल का? माझ्या मनात दांडीच्या मध्यावरच ती घ्यायची आहे. सातपुडा सुतार यांचा एपॉक्सीचा सल्ला मान्य आहे, परंतु उकाड्यात ते लावून होईपर्यंतच घट्ट होऊ लागते.

पॅटर्नवाले नाना, भुसावळ

शिसवाच्या पट्ट्या वाया गेल्या नाहीत. तीन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या उभ्या चिरून काड्या कराव्यात, प्रत्येक काडी पाव फेरा फिरवावी आणि काड्या शेजारी शेजारी चिकटवून नवी पट्टी तयार करावी. रेघा आपोआप उभ्या येतात. काम किचकट आहे, परंतु शिसवाच्या आजच्या भावात परवडते.

एपॉक्सीच्या वादात मी मध्यम मार्ग घेईन. सागाला साग आणि हेदूला साग असे जोड पांढऱ्या गोंदाने उत्तम धरतात, अट एवढीच की रंधा ताजा असावा आणि शिकंजा चांगला आवळलेला असावा. लाकडाच्या कडांमधून गोंदाचे बारीक मणी सर्वत्र सारखे बाहेर आले की दाब पुरेसा आहे असे समजावे. शिसवाच्या जोडांना मात्र एपॉक्सीच लावावे, आणि ते लावताना शिकंजा फार आवळू नये, कारण सगळे एपॉक्सी बाहेर गेले तर जोड कोरडा राहतो. उकाड्यात ते लवकर घट्ट होते ते वाटीत साठून राहिल्यामुळे. साठलेले मिश्रण स्वतःच तापते. थोडे थोडे कालवून पसरट ताटलीत ओतावे आणि पहाटे काम करावे.

सातपुडा सुतार, तळोदा

कातण्याचा क्रम कोणी सांगितला नाही म्हणून लिहितो. ठोकळा चार जबड्यांच्या चकमध्ये पक्का धरून आधी वाटीचा बाहेरचा आकार काढावा आणि लगेच वाटी पोखरावी. दांडीला अजून हात लावू नये, ती 40 मिलिमीटरच्या आसपास जाडच असू द्यावी. मध्यावर फोर्स्टनर बिटने (सपाट तळाचे भोक पाडणाऱ्या गिरमिटाने) खोलीपर्यंत भोक घ्यावे आणि मग गाउजने मध्याकडून काठाकडे कातत यावे. धागे चषकाच्या लांबीला समांतर असल्यामुळे या दिशेने लाकूड सुबक कापले जाते आणि काठाकडून मध्याकडे गेल्यास उपसते. जोडलेल्या ठोकळ्यावर सुरुवातीला मिनिटाला आठशे ते हजार फेऱ्यांपेक्षा जास्त वेग देऊ नये, ठोकळा गोल झाल्यावर वाढवावा. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल हवी. जोड सुटून तुकडा उडाला तर तो सरळ तोंडाकडे येतो. गळ्यातले उपरणे काढून ठेवावे आणि फिरत्या चषकावर पॉलिश फडक्याऐवजी कागदाने द्यावे. कागद अडकला तर फाटतो, फडके बोट घेऊन जाते.

वाटीच्या भिंतीची जाडी पाहण्यासाठी बाहेरून छोटा दिवा जवळ धरावा. हेदू पातळ झाला की त्यातून उजेड दिसतो. शिसवातून दिसत नाही, म्हणून फिकट पट्टीवरच अंदाज घ्यावा. वाटीचे पॉलिश तिथेच आटोपून घ्यावे, कारण दांडी बारीक झाल्यावर वाटीत पुन्हा हत्यार घालता येत नाही. मग वाटीत कागदाचा मऊ बोळा भरून टेलस्टॉकने अगदी हलका आधार द्यावा आणि दांडी वाटीच्या बाजूने बैठकीकडे थोडी थोडी बारीक करत न्यावी. मागे फिरून वरच्या भागाला पुन्हा हत्यार लावू नये. एव्हाना तिथे कंप येऊ लागलेला असतो.

पांझरा लेथ, धुळे

बोरीकाठ, 10 मिलिमीटरच्या दांडीवर गाठ घेऊ नये, दोन कारणांनी. 45 अंशांच्या पट्टीची कडी दांडीच्या व्यासाएवढीच उंच दिसते, म्हणजे सगळी गाठ 10 मिलिमीटरमध्ये मावेल आणि काळ्या पट्ट्यांची गर्दी होऊन विणकाम दिसणारच नाही. शिवाय तिथे दांडीतले सगळे धागे तिरपे तोडलेले आहेत आणि सारी ताकद एवढ्याशा गोंदावर आहे. दांडीच्या मध्यावर 24-25 मिलिमीटर जाडीचा मणी ठेवावा आणि गाठ त्या मण्यात घ्यावी. उंच गाठ हवी असल्यास काप अक्षाशी 30 अंशांत घ्यावा, म्हणजे 25 मिलिमीटरच्या मण्यावर कडी 43 मिलिमीटर उंच होते. मणी अर्थातच तेवढा लांबट करावा लागेल. पट्ट्याही मग दीड ते दोन मिलिमीटरच्याच घ्याव्यात आणि त्यासाठी पातळ पात्याची करवत शोधावी.

मोठ्या ठोकळ्यात चार तिरपे काप घेणे जड जात असेल तर दांडी वेगळी करावी. 32 मिलिमीटर चौरसाच्या काठीत गाठ बसवून ती मण्यासह कातावी, दोन्ही टोकांना 10 मिलिमीटर व्यासाचा आणि 15 मिलिमीटर लांबीचा कुसू (भोकात बसणारी खुंटी) ठेवावा, आणि वाटीच्या बुडात व बैठकीत लेथवरच तेवढ्या व्यासाचे भोक घ्यावे म्हणजे तिन्ही भाग एका अक्षात येतात. वाटीच्या बुडाला त्यासाठी 20 मिलिमीटर तरी लाकूड शिल्लक असू द्यावे. भोक कुशापेक्षा दोन मिलिमीटर खोल असावे आणि कुशाच्या अंगावर करवतीने एक उभी चीर द्यावी, नाही तर अडकलेली हवा आणि गोंद कुसू बाहेर ढकलतात आणि सकाळी दांडी वाकडी बसलेली दिसते. तिन्ही भागांच्या टोकांवर पेन्सिलीने खूण करून मधली पट्टी वाटीपासून बैठकीपर्यंत एका रेषेत येईल असे फिरवून मगच चिकटवावे.